दीर, वहिनी आणि पाण्याने भरलेले खड्डे

हिवताप नियंत्रणाच्या मुख्य कचेरीत तिचं काम होतं माणसांना एका टेबलाशी बसवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ती माणसं म्हणजे आरोग्य, पाणी, शेती, रस्ते अशा खात्यांचे साहेब, आणि त्यातल्या कुणालाच दुसऱ्याचं तोंड बघायचं नसे. गोळ्या वाटायच्या, फवारणी करायची ती आरोग्यवाल्यांनी. डास जिथे वाढतात ते पाणी मात्र भलत्याच खात्याच्या ताब्यात. म्हणून सरकारने समन्वय समिती नेमली आणि साहेबांना गोळा करायला हिला बसवलं. अधिकार काही नाही, नुसता फोन. ती साहेबांच्या कानाशी सतत भुणभुण करते म्हणून कचेरीत पाठीमागे तिला ‘डासीण’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

रस्ते खात्यात तिचे धाकटे दीर मुख्य अभियंता होते. घर एकच, दीर-जाऊ वर, ही, नवरा आणि सासूबाई खाली. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिरांशी तिचं पहिल्यापासून फाटलेलं. ती सून म्हणून आली तेव्हाच ‘ही बोलते फार’ असं दीर म्हणाले होते. ते तिने ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं.

त्या वर्षी डोंगराकडच्या नव्या रस्त्यासाठी कंत्राटदाराने दोन्ही अंगांना माती उकरली. पाऊस आला, खड्डे काठोकाठ भरले, पाण्यात अळ्या वळवळू लागल्या आणि आसपासची गावं तापाने फणफणली. फवारणीची टोळी जाऊन आली, पुन्हा गेली. ताप हटेना. शेवटी तिथली डॉक्टरीण फोनवर कडाडली, “बाई, तुम्ही गोळ्या पाठवता, ते डास पाठवतात. असं किती दिवस चालायचं?”

बैठकीला रस्ते खातं दर वेळी एक कारकून धाडायचं. तो मान डोलवायचा, चहा प्यायचा आणि जायचा. या खेपेला तिने आरोग्य सचिवांच्या सहीचं पत्र काढलं: मुख्य अभियंत्यांनी जातीने हजर राहावं.

दीर आले ते धुसफुसतच.

“ते खड्डे कंत्राटदाराचे,” ते म्हणाले. “आणि साचलेलं पाणी हा पाणी खात्याचा विषय.”

पाणी खात्याचे साहेब फणकारले, “खणायचं तुम्ही आणि बादल्या घेऊन धावायचं आम्ही?”

तिने खड्ड्यांचे फोटो दिरांपुढे सरकवले. त्यांनी ते पाहिलेही नाहीत. सगळ्यांकडे बघून हसत म्हणाले, “आमच्या वहिनी आहेत या. घरी माझ्यावर राग काढता येत नाही, तो इथे काढतात. वहिनी, हे आपण घरी बोलू.”

टेबलाभोवती खसखस पिकली. तिचे कान तापले. तिने बैठकीचं टिपण घेणाऱ्या मुलीकडे मान वळवली. “लिहून घे. तिकडचा ताप ही आमच्या घरातली बाब आहे, ती घरी मिटवू, असं रस्ते खात्याचं म्हणणं आहे.”

हसणं जागच्या जागी थांबलं. ते टिपण थेट मंत्र्यांकडे जात असे.

“मी असं म्हटलेलं नाही,” दीर म्हणाले.

“मग काय म्हटलंत ते सांगा. तेच लिहू.”

दिरांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव चष्मा पुसत होते.

“पाऊस उघडला की बुजवू.”

“तोवर?”

“चर खणून पाणी काढून देऊ,” ते दात-ओठ खात म्हणाले.

“हं, आता हे लिही.”

तिला आनंद झाला नाही असं नाही. झाला, आणि चांगला घसघशीत झाला. दिरांचा पडलेला चेहरा आणखी थोडा वेळ बघायला मिळता तर तिला हवाच होता.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. “चारचौघांत माझ्या लेकाचं नाक कापलंस.”

“तिकडे पोरं तापाने मरतायत, आई.”

“ती तिकडची. हा माझा आहे.”

नवरा वह्या तपासत होता. वर न बघताच म्हणाला, “जरा सांभाळून घ्यायचं होतंस.”

“कुणाला?” तिने विचारलं. त्याने पुढची वही ओढली. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आपली गादी वरच्या मजल्यावर हलवली, आणि जावेनेही बोलणं टाकलं.

चर खणले गेले, पुढे खड्डेही बुजले. पण रस्त्याच्या एकाच अंगाचे. त्या बाजूच्या गावांतला ताप उतरला. पुढच्या बैठकीत आरोग्य संचालकांनी ते फवारणीचं यश म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. तिने जीभ चावून धरली. पलीकडच्या अंगाची जमीन निघाली वन खात्याची. कंत्राटदाराने तिथली माती न विचारताच उचलली होती.

“तिथे आम्हाला हात लावता येत नाही,” दीर गोड आवाजात म्हणाले. “वन खात्याला बोलवा की. का तेही आमच्याच घरात राहतात?”

या वेळी हसायचं धाडस कुणी केलं नाही. ती उठून बाहेर आली आणि तिने वन अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, हिवतापाशी आमच्या खात्याचा काय संबंध?

“इथे येणारे सगळे आधी हेच म्हणतात,” ती म्हणाली. “बुधवारी या. नाही आलात तर पत्र येईल.”