अण्णांचे पिकलेले आकडे

शेजारच्या अण्णांचे किस्से मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. आमच्या सुप्याच्या चाळीत मधली भिंत एकच, ते बोलले की ऐकू यायचं. नाहीच आलं तर मी वाटी घेऊन साखर मागायला जायची!

अण्णा कारखान्यात फिटर. जन्मात बॉलला पाय लावलेला नाही. पण पेपरात वर्ल्डकपच्या बातम्या यायला लागल्या आणि त्यांना फुटबॉलात गुप्त आकडे दिसू लागले. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं थेट ळपर्यंत. नावातल्या अक्षरांची बेरीज करायची, एकच आकडा उरेपर्यंत!

एकदा सकाळीच हाक आली. "वहिनी, ब्राझील सत्त्याऐंशी! आठ नि सात पंधरा, एक नि पाच सहा. आता गोल मारणाऱ्याची पाठ बघा!"

फोटोत पाठीवर इंग्रजी नऊ. "अण्णा, हा तर नऊ हाय."

अण्णांनी पेपर उलटा धरला. "आता?"

आमचे हे एकदा वैतागले. "मॅचच्या आधी सांगा की कोण जिंकणार ते!"

"आधी?" अण्णा दुखावलेच. "आकडे मॅच झाल्यावर पिकत्यात. कच्चे खाल्ले तर पोट दुखतं!"

पुढं चाळीत केबल आली. रविवारी संध्याकाळी मॅच लागली म्हणून आम्ही अण्णांना बोलावून खुर्चीत बसवलं. दहा मिनिटांत उठले.

"लई पळत्यात वो! नंबर वाचू देत न्हाईत."

इथवर हसण्यावारी होतं. पण मग लेकीच्या, सुनंदाच्या स्थळांवर पेन्सिल चालू लागली. नेवाशाचा मास्तर पाच निघाला. "पाच नंबर म्हंजे डिफेंडर! जल्मभर आडवा येईल." नकार! दुसऱ्या स्थळाचा आकडा एक निघाला. "गोलकीपर! हाय तिथंच उभा ऱ्हाईल, बढती न्हाई." तोही गेला. त्यांची बायको कमल माझ्यापाशी येऊन रडली. "अशानं पोरगी घरातच ऱ्हाईल वो."

तिसरं स्थळ राहात्याचं, पेरूच्या बागेचं. मी मदतीला म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच होते. सुनंदानं चहाच्या ट्रेआडून मुलाकडं दोनदा पाहिलं, मी मोजलं. पोहे झाले, बोलणं जमलं. मुलाचे वडील म्हणाले, "मग होकार समजायचा का?"

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. "एक मिनिट. पोराचं पूर्ण नाव सांगा."

कमलनं माझा हात घट्ट धरला.

सुनंदानं ट्रे खाली ठेवला आणि बापाच्या बोटांतून पेन्सिल अलगद काढून घेतली.

"अण्णा, आधी मॅच तर होऊ द्या. पोट दुखंल तुमचं!"