गोणपाटातली ओल

पत्नीच्या पीएच.डी.च्या प्रबंधात, पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आहे : ‘काचपट्टीवरील नमुना मोजणीपूर्वी तीन दिवस दमट हवेत ठेवला.’ हे वाक्य आलं कुठून, त्याचा प्रबंधात उल्लेख नाही. मी बातमीदार आहे. स्रोत गाळलेला मजकूर मला खुपतो. म्हणून ही नोंद.

आम्ही कामरगावला राहतो. पत्नी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिचा विषय सोयाबीनचा होता. बियाणं जुनं झालं की नीट उगवत नाही, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. बी जुनं होत जाताना त्याच्या पेशींभोवतीचा पडदा कसा बिघडतो, हे तिला पाहायचं होतं. हा पडदा म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात रोवलेली प्रथिनं. सुरुवात स्निग्ध थरांपासून करायची होती. असे थर एकावर एक नीट रचले आणि त्यांवर क्ष-किरण सोडले, तर किरण ठरावीक कोनांतच जोरात परततात. आलेखावर सारख्या अंतरांवर शिखरं उमटतात, आणि त्यांवरून थराची जाडी काढता येते. शिखरं नाहीत, याचा अर्थ थर रचले गेलेच नाहीत.

तिची शिखरं दोनदा आली नव्हती. पहिल्या खेपेला काचपट्टीवरचा नमुना कोरडा होता. आलेखावर एक पसरट उंचवटा आला. दुसऱ्या खेपेला तिने त्यावर पाण्याचा थेंब सोडला. सगळा थर काचेवरून सुटून ओघळला. अमरावतीचं क्ष-किरणांचं यंत्र तिला महिन्यातून एकच दिवस मिळे. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदाही असंच झालं तर विषय बदलावा लागेल. चार वर्षांचं काम त्या एका दिवसावर आलं.

तो दिवस चार दिवसांवर असताना माझी आई ओसरीत बियाणं तपासत होती. मे महिन्यात आमच्याकडे घरोघरी हे चालतं. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजायचे. आई गोणपाट पिळत होती. पत्नी शेजारी बसली होती.

“एवढं काहून पिळता, आई? पाणी राह्यलं तं लवकर नाही उगवणार का?”

“कॉलेजात हेच शिकवतं का पोरायले? कोरड्या बियानं एकदम पाणी पेलं तं साल फाटते, आतलं बायेर येते. बियाले पाणी नाई, ओल पायजे. हळूहळू.”

पत्नीने पिळलेलं गोणपाट बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाली, “मी थेंब टाकला होता.”

“कायच्यावर?”

“माह्या काचेवर.”

“मंग भोग,” आई म्हणाली आणि दाणे मांडू लागली.

त्याच दुपारी पत्नीने जेवणाचा स्टीलचा डबा घेतला. तळाला पिळलेलं सुती फडकं, त्यावर उपडी वाटी, वाटीवर दोन काचपट्ट्या : एकीवर यंदाच्या बियांतला स्निग्ध थर, दुसरीवर दोन वर्षं जुन्या बियांतला. आईने डबा गोणपाटाच्या गुंडाळीशेजारी, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवला. झाकण उघडायला मला मनाई होती. तीन दिवस कोणीही उघडलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही अमरावतीची बस धरली. डबा माझ्या मांडीवर होता. ओळखीच्या कंडक्टरने विचारलं, “भाजी हाय का? सांडली तं सीट तुमीच पुसान.”

“भाजी नाही, काच आहे,” मी सांगितलं.

“काचेची भाजी! पेपरवाले काय खाईन, सांगता येत नाई.”

यंत्र चालवणारे गृहस्थ आम्हाला ओळखू लागले होते. “मॅडम, तिसरी वेळ. आज नाई आलं तं मशीनले नारळच फोडा लागते.”

पत्नीने यंदाच्या बियांची पट्टी काढली, ओल टिकावी म्हणून वरून पातळ पारदर्शक कागद लावला आणि यंत्रात बसवली. आलेखाची रेघ संगणकाच्या पडद्यावर डावीकडून सरकू लागली. थोड्याच वेळात ती सरळ वर चढली आणि तितकीच सरळ खाली आली. पहिलं शिखर. एक शिखर योगायोगानेही येऊ शकतं. दुसरं बरोबर दुप्पट अंतरावर आलं. तिसरं तिप्पट अंतरावर. चौथं ठेंगणं होतं, पण जागेवर होतं. पत्नीने पर्समधली मोजपट्टी काढून पडद्यावर चारदा अंतर मोजलं. चारही वेळा तेच.

गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून आले. “बघा बघा, जेवणाच्या डब्यातून काय निघालं ते. मॅडम, नारळ वाचला.”

पत्नी हसली. तीन खेपांत त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिने घरी फोन लावला.

आईने तिच्या पद्धतीने विचारलं, “किती उगवले?”

“चार, आई.”

“शंभरातले चार? फेकून दे मंग थे बियाणं!”

“नाही आई. चारच पायजे होते. चारही आले.”



“मंग आता कायची वाट पाहून राह्यली? दुसरी काच लाव.”

पत्नीने फोन माझ्या हातात दिला आणि जुन्या बियांची पट्टी डब्यातून बाहेर काढली.