दार एक तर उघडं, नाहीतर बंद

माझ्या ताईच्या घरात कुणी दार अर्धवट उघडं ठेवलं की त्याची खैर नसायची. दार एक तर भिंतीला टेकलेलं हवं, नाहीतर कडी घातलेलं. मी मागच्याच गल्लीत राहते आणि माझ्या घरी कपाट उघडलं की कपडे आपणहून अंगावर येतात, त्यामुळे बोलणी मलाच जास्त बसली. पण हा कडकपणा तिच्या स्वभावातला नव्हता. ताईची नजर जात होती. कडेने सुरू झालेला अंधार आत आत सरकत होता आणि गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. अर्धवट उघडं दार तिला दिसायचं नाही, थेट कपाळाला लागायचं.

एका दवाखान्यात औषधं देण्यात तिचा जन्म गेला होता. सगळी गल्ली तिला कंपाउंडरबाई म्हणायची. खिडकीतल्या माणसाशी बोलता बोलता, मागे न बघता ती फळीवरून हवी ती बाटली काढायची. आता घरातही तसंच जगायचं असं तिने ठरवलं. ती स्वतः खाली बसायच्या आधी वापरलेली वस्तू जागेवर जायची. काडेपेटी शेगडीच्या डावीकडे, ओट्यावरच. साखरेच्या डब्याला रबरबँड, मिठाच्या डब्याला काही नाही. सुरी फडक्याखाली, पातं भिंतीकडे. खोलीच्या मधोमध एक खुर्ची असायची. तिच्या पाठीला हात लागला की उजवीकडे वळायचं, म्हणजे स्वयंपाकघर. झोपायच्या आधी ती सगळ्या घरावरून एकदा हात फिरवायची, मी माझ्या नातवंडांवरूनही इतका फिरवत नसेन. नवख्या माणसाला मात्र हे घर म्हणजे नुसता पसारा वाटायचा.

हे सगळं चाललं होतं ते मुलाच्या धास्तीने. तिचा मुलगा लांबच्या शहरात राहतो. आता एकटीने राहणं पुरे, मी तुला न्यायला येतो, असं त्याचं दर फोनला टुमणं असायचं. ताईला जायचं नव्हतं. इथे मी माझं माझं करते, तिथे पाणीसुद्धा मागून प्यावं लागेल, असं ती मला म्हणायची. शेवटी मायलेकरांचं ठरलं. त्याने बायकोला घेऊन दोन दिवस राहायला यायचं, आई कशी वावरते ते बघायचं. जमत असेल तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मग ताई परीक्षेला बसल्यासारखी तयारीला लागली. डोळे मिटून चहा करायची, डोळे मिटून चपला शोधायची. दिसतंय तेवढ्याचाही भरवसा धरायचा नाही, असं तिचं म्हणणं. मी खुर्चीत बसून चुका काढायची आणि चुका नसल्या की माझाच हिरमोड व्हायचा.

मुलगा-सून आले. पहिला दिवस तिने असा काढला की मीच बघत राहिले. स्वयंपाक केला, वाढलं, भांडी जागेवर लावली. मुलगा हळूच मला म्हणाला, "मावशी, मी उगाचच घाबरत होतो बहुतेक." मी घरी जाऊन आनंदाने रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईला डोळे तपासायला घेऊन गेले. मुलगा जुन्या मित्राकडे गेला. सून घरात एकटी राहिली. ती वाईट असती तर बरं झालं असतं, मला मनसोक्त भांडता आलं असतं. पण पोरगी गुणाची. सासूबाईंना दिसत नाही, आवरायला होत नाही, म्हणून तिने पदर खोचला आणि सगळं घर आवरून टाकलं.

आम्ही परतलो तेव्हा मुलगाही येऊन बसला होता. ताई दारातूनच म्हणाली, मी चहा टाकते, आणि आत निघाली. खुर्चीच्या जागी तिचा हात हवेत फिरला. वळण चुकलं आणि खांदा भिंतीवर आदळला. मी धावले. ओटा लखलखीत, मोकळा. डबे एकसारखे ओळीत, रबरबँड एकालाही नाही. ताई ओट्यावर वाकून डावीकडे काडेपेटी चाचपत राहिली, मग सरळ उभी राहायला गेली, आणि वरच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं.

रक्त बघून मुलगा पांढरा पडला. सून रडायला लागली. मी तोंड उघडलं, तोच ताईने माझं मनगट घट्ट आवळलं.

आतल्या खोलीत पट्टी बांधताना मी तिच्याशी भांडले. त्यांना खरं सांगू, सगळं होतं तिथे ठेवू, तू उद्या पुन्हा करून दाखव. मला सुनेचा राग आला होता, तिच्या चांगुलपणाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त ताईच्या गप्प बसण्याचा.

"धाकटे, यापुढे कधीच कुणी खुर्ची हलवणार नाही, असं मी त्याला कशाच्या जोरावर सांगू?" ती म्हणाली. "आणि तिला बोलून काय करू? उद्यापासून तिच्याच घरात राहायचंय मला."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले.

आता किल्ली माझ्याकडे असते. झाडायला जाते तेव्हा खुर्ची मधोमध ठेवते, काडेपेटी डावीकडे. माझ्या घरात मला कात्री सापडत नाही, पण तिथलं एक भांडं हललेलं मला खपत नाही.

काल तिचा फोन आला. सगळे फार जपतात, म्हणाली. उठायची चाहूल लागली की कुणीतरी धावत येतं आणि हाताला धरून परत बसवतं. मी विचारलं, "वस्तू हाताला लागतात का गं तिथे?"

"मागितल्या की देतात," ती म्हणाली. "पोरांचं घर आहे, सगळं इकडचं तिकडे होत असतं. जागच्या जागी असते ती फक्त मी."