मूळ आवाज मीच नेऊन दिला

मी एका मेलेल्या माणसावर जळतो. तो जिवंत होता तेव्हाही जळायचो, पण तेव्हा निदान वाटणी झाली होती: चेहरा त्याचा, आवाज माझा.

तो सिनेमातला नायक. कोकणातून आलेला, उंच, देखणा, आणि तोंड उघडलं की नाकातून बोलणारा. शूटिंग गोराईला झालं. निर्मात्याने त्याचे संवाद ऐकले आणि फर्मावलं, याला दुसऱ्याचा आवाज लावा. मी तेव्हा ऑफिसच्या नाट्यस्पर्धांत खर्ज लावून बक्षिसं मारायचो. मला अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. पडद्यावर त्याचे ओठ हलायचे, इकडे काचेमागे मी घुमायचो. सिनेमा झकास चालला. पाट्यांमध्ये माझं नाव नव्हतं. तरी बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी सांगितलंय. सत्यनारायणाला सांगितलंय, वार्षिक सभेत सांगितलंय, एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा आत अडकलेल्या चौघांनाही सांगितलंय. त्यांना जाता येत नव्हतं.

दिग्दर्शक जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने तो सिनेमा मुळात होता तसा करायचं मनावर घेतलं. एकेका चित्रावरचा ओरखडा माणसं बसवून पुसायचा, असं काम. त्यासाठी तिने वडिलांचा मुलुंडचा फ्लॅट विकला. लोक म्हणाले, वेडी आहे. मीही म्हणालो. मग तिचा फोन आला, "काका, प्रिंटमधला आवाज फार खराब झालाय हो. तुमच्याकडे जुनं काही आहे का?" तेव्हापासून ती मला अतिशय हुशार वाटू लागली.

होतं ना माझ्याकडे! डबिंग संपलं तेव्हा रेकॉर्डिस्टने आठवण म्हणून माझ्या आवाजाची एक टेप मला दिली होती. माळ्यावर, चकलीच्या सोऱ्यामागे, स्टीलच्या डब्यात मी ती इतकी वर्षं जपली. वाजवायला मशीन नव्हतं, पण डब्याला अधूनमधून हात लावायचो. अंगात इस्त्रीचा शर्ट, सोबत साक्षीदार म्हणून बायको, असा मी तो डबा घेऊन अंधेरीला गेलो.

तिथल्या साउंडवाल्याने टेप लावली. आधी खाडीवरचा वारा आला. मग कावळे. मग बोटीचं इंजिन. आणि मग नाकातून, हळू, जवळ बसल्यासारखा, तो बोलला.

ही सरावाची टेप होती. शूटिंगच्या वेळचा त्याचाच आवाज, मला ओठ जुळवता यावेत म्हणून मशीनसकट घरी दिलेला. शेवटी मशीनबरोबर ही परत करायची आणि माझी ठेवून घ्यायची, एवढं एकच काम होतं. मी माझी परत केली. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच घरात, माझ्याच डब्यात, त्याला जपत होतो.

दिग्दर्शकाची मुलगी रडायलाच लागली. "बाबांना हाच आवाज हवा होता, काका. निर्मात्याने ऐकलं नाही. तुम्ही देवासारखे आलात."

मी देवासारखाच बसलो. दगडाच्या.

टेप पुढे गेली. गोराईच्या जेट्टीवर नायिका परत निघालीय, नायक तिला थांबवणार, तो जीवघेणा क्षण. आणि कावळे, वारा, नायक, सगळं गायब होऊन एक कोवळा आवाज खणखणला, "अहो, पाणी तापलंय! आंघोळीला जाताय की नाही?"

सराव करताना मी कधीतरी चुकीचं बटण दाबलं होतं. आमचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं.

"आई, काय क्लीन आवाज आहे तुमचा!" साउंडवाला म्हणाला. बायको लाजली. मला त्या दोघांचाही राग आला.

अडचण अशी होती की पैसे एकाच आवाजापुरते उरले होते. टेपवरचा तो लावायचा की प्रिंटमधला माझा साफ करून घ्यायचा? संगीताची पट्टी वेगळी सापडली होती, त्यामुळे कुठलाही बसला असता. बातमी फुटली आणि फेसबुकवर भांडणं जुंपली. काही म्हणाले, दिग्दर्शकाच्या मनातला सिनेमा तोच खरा. काही म्हणाले, आम्ही जो ऐकत मोठे झालो तो बदलणारे तुम्ही कोण? हे दुसरे लोक फार पोटतिडकीने लिहीत होते. त्यातले तिघे मी होतो.

दोनच दिवसांत मुलीचा फोन आला. "काका, फेसबुकवर भांडणाऱ्या त्या तिघांच्या फोटोंत मागे एकच पडदा आहे. मोरांचा. तुमच्या घरी चहाला आले तेव्हा बघितलाय मी."

"आजकाल सगळ्यांकडे असतो तो," मी म्हणालो.

"बरं. पण टेप तुमची आहे. तुम्ही मनापासून नको म्हणालात, तर मी तुमचाच आवाज ठेवीन. रविवारी सांगा."

नको म्हणायचं माझं ठरलंच होतं. फक्त बायकोने तसं म्हणावं, एवढी इच्छा होती. शनिवारी भाजी निवडत बसलेल्या तिच्यासमोर मी जेट्टीचा प्रसंग उभा राहून म्हणून दाखवला. खर्ज असा लावला की भांडी वाजली.

"कुणाचा चांगला? खरं सांग."

"तुमचा चांगलाच आहे हो." तिने मेथीची जुडी सोडवली. "पण तो तिच्याशी बोलतो. तुम्ही शेवटच्या रांगेशी बोलता."

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली सेक्रेटरी दिसला, त्याने हात केला. मी केला नाही.

रविवारी फोन करून म्हणालो, "त्याचाच लावा." तेही खर्जातच निघालं.

काही महिन्यांनी सिनेमा तयार झाला; खेळ एका रविवारी सकाळी होता. आमची अर्धी सोसायटी आली होती, मीच आधी बोलावून ठेवलं होतं. तो बोलू लागला आणि मी दोन तास त्याच्या प्रत्येक शब्दात खोट शोधली. एकही सापडली नाही. नायिका त्याच्याकडे बघायची ते बघणंसुद्धा आता वेगळं दिसत होतं. माझ्या वेळी ती जरा दचकल्यासारखी वाटायची.

मग जेट्टी आली. टेपवर तिथे आंघोळीचं पाणी होतं, म्हणून तेवढं एक वाक्य जुन्या प्रिंटमधून उचलून, घासूनपुसून लावलं होतं. नायिका वळली, आणि थेटरात माझा आवाज घुमला, "थांब. पुढच्या बोटीने जाऊ."

मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, इथे दुसराच कोणीतरी बोलला ना?"

मी वळणारच होतो. बायकोने मनगट धरलं. "गप राहा जरा."

शेवटी पाट्या आल्या. अख्खा सिनेमा माझ्या आवाजात होता तेव्हा जे आलं नव्हतं, ते नाव आलं. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. मी मात्र मान वाकडी करून बघत होतो, कारण ते त्याच्या नावाच्या बरंच खाली होतं.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "केवढंसं काढलंय."

"एका वाक्याचं नाव ते," ती पर्स उचलत म्हणाली. "केवढं हवंय?"