नाक उचललेली फळी

फळी उन्हानं वाकलीय, असं मी शेठला छातीठोक सांगितलं होतं. म्हणून तिच्यावरून पॅटर्न केला तो एकदम सरळ. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. त्यावरून साचा निघतो, साच्यात फायबर भरतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामती एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या करायचो. मी तिथला सुतार. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या हातचा पॅटर्न कधी परत आला नव्हता. रेझिनचा तो उग्र वास आता कुठं मिळत नाही.

नाईक म्हणून गोव्याचे गृहस्थ, जहाजावर नोकरी केलेले. त्यांनीच हा जुना सर्फबोर्ड नमुन्याला दिला होता. समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी. तशाच फायबरच्या फळ्यांची त्यांची ऑर्डर होती. माझा पॅटर्न बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तात्या, पुढचं वळण कुठं गेलं?"

"काढलं. वाकडं काम मी करत न्हाय."

शेठ तापले. "तात्या, ही ऑर्डर गेली तर पुढचे पॅटर्न पुण्याला देणार मी."

"द्या की. पण आधी पाण्यात घालून बघा. लाकूडच हाय, तरंगतंय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही फळ्या टेम्पोत टाकून इंदापूरकडं उजनीच्या पाण्यावर गेलो. ओळखीच्या कोळ्याची मोटर लावलेली होडी होती. नाईक आधी त्यांच्या फळीवर पालथे पडले, होडीची दोरी धरली. फळी सळसळत गेली. मग माझी. होडीनं वेग घेतला, फळीनं नाक पाण्यात खुपसलं आणि नाईक कोलांटी खाऊन पलीकडं.

कोळी ओरडला, "तात्या, पाणबुडी केली व्हय!"

नाईक मात्र हसत बाहेर आले. अंग पुसत म्हणाले, "हवाई बेटांवर जुने लोक अशीच सपाट फळी कोरायचे, एका झाडातून. झाड तोडण्याआधी मुळाशी मासा ठेवायचे. सरदारांची फळी लांब, रयतेची आखूड. लाटेत ती नाक खुपसायची, म्हणून मागनं आलेल्या कारागिरांनी नाक उचललं."

मुळाशी मासा! आमी हत्यारांना हळदकुंकू वाहतो, तसंच की. ती माणसं मला भावकीतली वाटली.

"चुकलं" असं काही मी म्हणालो नाही. "चार दिवस द्या," एवढंच बोललो. नाईकांच्या फळीवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापून नव्या पॅटर्नला वळण जसंच्या तसं दिलं. नाईकांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. ऑर्डर राहिली. पुण्याचं नाव शेठनं परत काढलं नाही.

दुसऱ्याच्या कामात वाकडं दिसलं, तर रंधा मारायच्या आधी विचारावं. मी विचारलं नाही. भिजावं लागलं नाईकांना.