तायाक्का आणि जाळीचं मशीन

२०१८ साल. मला सदुसष्टावं चालू होतं, आणि त्या वयात मी नवं मशीन घेतलं. जाळी कापायचं. टेबलाच्या मधोमध एक भोक, त्यातून दोऱ्यासारखं बारीक पातं उभं ताणून बसवलेलं. पातं वर-खाली नाचतं, आपण फळी हातानं फिरवायची; वेल म्हणा, पान म्हणा, मोर म्हणा, लाकडातून पाहिजे ते सुटून येतं. पोरगा म्हणाला, आप्पा, ह्या वयात लोक हत्यारं विकतात, तुम्ही घेताय. मी म्हटलं, तू तुझी नोकरी बघ. तिसरीत शाळा सोडली तेव्हापासून मी सुतारकाम करतोय. मशीनवाल्यानं बरोबर एक इंग्रजीतलं पुस्तक दिलं होतं, ते मी पिशवीतून काढलंसुद्धा नाही.

टेम्पो मशीन उतरवून गेला तशी शेजारची तायाक्का माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मशीन डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री, माझी एक फजिती सांगते."

ही तिची रीत. वडगावात माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून तिचा पॉवरलूम होता. मालक, म्हणजे तिचा नवरा, वारल्यावर तिनं एकटीनं चालवला, साड्या विणल्या, मुलीचं लग्न करून तिला निपाणीला दिली. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. अंगानं काटकुळी, खांद्यावर कायम रेशमाच्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले. दुपारी माग बंद केला की ती गल्लीत कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसायची आणि बशीतून चहा पीत आपली एखादी फजिती सांगायची. दुसऱ्याची कधीच नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तायाक्काला लाज म्हणून नाही. माझंही मत तसंच होतं. माणसानं आपल्या हातचं चुकलेलं असं चव्हाट्यावर मांडू नये, असं मला वाटायचं. माझं काही चुकलं तर मी ते बंबात घालायचो. पाणी तापायचं आणि पुरावा जायचा.

तर त्या दिवशी तिनं सांगितलं ते असं. पहिला पॉवरलूम आणला तेव्हा ती नवी सून होती. डोक्यावरचा पदर सावरायच्या नादात पदराचं टोक मोटरीच्या पट्ट्यात गेलं. मशीन साडी ओढतंय, ही मागाला धरून उभी, समोर सासरा. बंद करायचं बटण पलीकडे. "करंट गेला म्हणून अब्रू राहिली बघ," म्हणाली. "लाईट घालवणाऱ्याला मी अजून हात जोडते." एवढं सांगून उठून गेली. मी खाली बघितलं. माझ्या धोतराचा सोगा मशीनच्या मोटरीशेजारी लोंबत होता. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात अर्धी चड्डी घालायला लागलो. कारण कुणाला सांगितलं नाही. उकडतंय म्हटलं.

पुढं मशीन बाकड्यावर नुसतंच ठेवून चालवायला लागलो. सुरू केलं की थरथरायचं आणि सरकत सरकत बाकड्याच्या काठाला यायचं. मी खाली पोतं घातलं, वर दगड ठेवला. दगडासकट सरकायला लागलं. पातं थरथरलं की रेघ वाकडी जायची, मोराचं पाऊल कोंबड्याचं व्हायचं. त्या आठवड्यात बंबाला लाकडं विकत आणावी लागली नाहीत.

तायाक्का आली. म्हणाली, "आमच्या मालकानं माग बसवला पण जमिनीला नट आवळलंच न्हाईत. माग चालत चालत भिंतीपतूर गेला. मामंजी म्हणालं, सूनबाई, माग घर सोडून निघालाय, त्याला चा तरी पाज." मी हसलो नाही. पण संध्याकाळी बाकड्याला भोकं पाडून मशीन बोल्टानं आवळून टाकलं, बाकडंही जमिनीला जखडलं. दुसऱ्या दिवशी ती आली, बोल्टाकडं बघितलं, आणि नातीला लेक झाल्याचं सांगत बसली. बोल्टाची युक्ती माझीच असं मला वाटू दिलं.

हे मशीन मी घेतलं होतं एका कामासाठी. आमच्या मूळ गावात लक्ष्मीचं देऊळ. तिथली गाभाऱ्याची चौकट माझ्या वडिलांनी घडवलेली. चौकट अजून खणखणीत आहे, पण तिच्यावरची जाळी वाळवीनं खाल्ली. पुढच्या जत्रेआधी नवी बसवायची असं पंचांनी ठरवलं तेव्हा मी सांगितलं, ही जाळी मी करणार. वडिलांनी राखून ठेवलेल्या सागवानाच्या दोन फळ्या माझ्याकडं होत्या. दोन मोर, मध्ये वेल. त्यांच्या चौकटीत दुसऱ्या कुणाचं लाकूड बसलं तर मी त्या देवळाची पायरी चढणार नव्हतो. हे मी पंचांना तोंडावर सांगितलं होतं, आणि मी बोललेलं मागं घेत नाही.

खंडेनवमीपर्यंत पहिल्या फळीवर एक मोर उतरला. असा उतरला की मीच रोज उठून त्याला बघायचो. खंडेनवमीला आमच्यात सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडतात. मी मशीनचंही सगळं केलं. पातं सोडलं, तेलानं पुसलं, ताटात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. दसरा झाल्यावर पातं परत ताणून बसवलं. बोटानं टिचकी मारली, तार वाजावी तसं वाजलं. झकास.

त्याच दिवशी पंच बघायला आले. पुढारी बाळाप्पा पाटील, त्यांच्यामागं गावची चारपाच माणसं. मी फळी लावली, बटण दाबलं. फळी एकदम वर उचलली गेली आणि टेबलावर आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. मी दोन्ही हातांनी दाबून धरली तर मशीन माझ्यासकट थडथडायला लागलं, आणि मोराची मान तुटून बाळाप्पांच्या पायाशी जाऊन पडली.

बाळाप्पांनी मान उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, "मिस्त्री, मन खट्टू करू नका. मच्छे गावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कापून देत्यात. एका दिवसाचं काम. वय कुणाला सुटलंय?"

मी त्यांच्याकडून पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली.

उरलेल्या फळीला हात लावायचा धीर नव्हता, म्हणून टाकाऊ तुकडे लावून बघायचो. प्रत्येक तुकडा उडायचा. करंट कमी-जास्त होतोय म्हटलं. लाकूड ओलं म्हटलं. नवं पातं आणलं, जुनं कसं होतं ते नीट बघून तसंच बसवलं, तेही तसंच. चष्मा खिशात होता, पण दारातून कुणी बघेल म्हणून लावत नव्हतो. शनिवारी मनाशी ठरवलं, की पाटलांना निरोप धाडायचा. द्या मच्छ्याला.

दुपारी शेजारचा माग थांबला. तायाक्का आली, पण उंबऱ्यावर बसली नाही. आत येऊन माझ्या स्टुलावर बसली. बंबाशेजारच्या तुकड्यांच्या ढिगाकडं बघितलं.

"एका खंडेनवमीला आमच्या मालकांनी मोटरीच्या वायरी सोडून पुसल्या," ती म्हणाली. "पूजा झाली, परत जोडल्या. बटण दाबलं तर माग उलटा फिरायला लागला. आम्ही चार दिवस मागाला शिव्या दिल्या. देवरुशाकडंसुदिक जाऊन आलो."

मी म्हटलं, "आक्का, माझ्या मशीनच्या वायरी मी सोडल्याच नाहीत."

"मग काय सोडलंतास?"

मी पात्याकडं बघितलं. तिनं खांद्यावरचा एक रेशमी धागा ओढून काढला, दोन्ही हातांत ताणला, आणि पात्याच्या अंगावरून खालून वर नेला. धागा लोण्यासारखा गेला. मग वरून खाली आणला. तो अडकला आणि तटकन तुटला.

"अडाकलं," ती म्हणाली. "मला ह्यातलं काय कळत न्हाय हां."

मला कळलं. पात्याच्या दातांची टोकं खाली पाहिजेत, तर ते फळी टेबलावर दाबून कापतात. माझे दात आभाळाकडं तोंड करून बसले होते आणि फळी उचलून फेकत होते. पूजेच्या ताटातून उचलताना पातं उलटं झालं होतं, आणि नवं पातं मी त्या उलट्याला बघूनच बसवलं होतं. तिच्यासमोर मी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पातं सोडलं आणि फिरवून बसवलं. टाकाऊ तुकडा लावला. तो टेबलाला चिकटून असा चालला, जसा पाण्यात मासा.

मी म्हटलं, सोमवारी पाटलांना सांगतो की लाकूडच खराब निघालं होतं, आता दुसरी फळी चांगली आहे.

तायाक्का उठली होती, ती परत बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा रागावली. "लाकूड खराब? तुझ्या वडलांनी राखल्यालं लाकूड?" म्हणाली. "मिस्त्री, फजिती ज्याची त्यानं आधी सांगावी. लोकांनी सांगितली की तिला शेपूट फुटतंय."

सोमवारी मी गावी गेलो. पंच देवळाच्या कट्ट्यावर बसले होते, मच्छ्याच्या कारखान्याचा माणूसही माप घ्यायला आलेला. मी उभ्यानंच सांगितलं, की लाकूड चांगलं, मशीन चांगलं. खंडेनवमीच्या पूजेनंतर मी पातं उलटं बसवलं, आणि चष्मा लावायची लाज वाटली म्हणून आठवडाभर ते मला दिसलं नाही.

बाळाप्पा हसायला लागले ते डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. म्हणाले, मी गेल्या खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ट्रॅक्टर पुढं न्यायचा तो मागं घातला, गोठ्याची भिंत गेली. घरात सांगितलं पावसानं पडली. मग बाकीचेही एकेक सांगायला लागले. कारखान्याचा माणूस माप न घेता चहा पिऊन गेला. जाळी माझ्याकडं राहिली. मी वयानं म्हणा, हट्टानं म्हणा, कुणाचे आभार सहसा मानत नाही. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये तायाक्काचे मानले, मनातल्या मनात.

थंडीभर मी दुसऱ्या फळीवर मोर कापले. चष्मा लावून, दार सताड उघडं ठेवून. मात्र जाळी संपायच्या आधीच तायाक्का अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलीनं तिला निपाणीला नेलं. भिंतीपलीकडचा माग बंद पडला. ती परत वडगावला आली नाही. जत्रा होऊन गेली आणि त्याच उन्हाळ्यात ती निपाणीतच वारली. मी मातीला गेलो होतो. त्याबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते जाळी पुरी झाली त्याबद्दल.

जत्रेच्या आधी एका संध्याकाळी, तायाक्का निपाणीला असतानाच, शेवटचा हात फिरवून जाळी भिंतीला उभी केली. बाळाप्पांचा फोन आला, की भटजी सकाळी येणार, टेम्पो लवकर आणा, सगळं गाव जमणार. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. जाळी घोंगड्यात गुंडाळून चढवली, मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि त्याला निपाणीचा रस्ता धरायला सांगितलं. त्याला वाटलं मी चुकलो. काकती गाव मागं पडलं तेव्हा त्यानं परत विचारलं. मी म्हटलं, तू चालव.

तायाक्का मुलीच्या घरी पुढच्या सोप्यात बाजेवर बसली होती. मी आणि ड्रायव्हरनं जाळी तिच्यापुढं उभी केली. तिनं विचारलं, "देवीला दावलीस?"

"न्हाय. आधी तुम्हाला."

"पाटील वाट बघत असतील की रं."

"बघू देत."

"लई हट्टी," ती म्हणाली, आणि हात पुढं केला. वेलीच्या एकेका भोकात बोट घालून, पानांच्या कडा चाचपत, ती एका मोराकडून दुसऱ्या मोराकडं निघाली. सावकाश. मी ड्रायव्हरला सोडायला सांगितलं आणि जाळी एकट्यानं पेलून धरली. खिशात बाळाप्पांचा फोन वाजत होता. माझे दोन्ही हात जाळीला होते.