बिनडागाची दहा डाळिंबं

माझा राग नेमका कुणावर आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तो आहे, आणि जायचं नाव घेत नाही.

सांगोल्याजवळ माझ्या दादाची डाळिंबाची बाग आहे. सगळी झाडं एकाच जातीची, एकाच विहिरीच्या पाण्यावरची. त्यातली विहिरीकडची चाळीस झाडं वहिनीची. तिथं रासायनिक खत नाही, औषध नाही. शेणखत, लिंबोळीचा अर्क आणि वहिनीचे हात. बाकीच्या बागेत दादा सतत पंप घेऊन फवारायचा. गेल्या वर्षी या चाळीस झाडांवरून दोघांचं चांगलंच वाजलं. मी सोलापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

"तुज्या मशिनीत घालून बघ," दादा म्हणाला. "हिच्या फळात गुण जास्त निगाला तर त्या झाडांना हात लावत न्हाय. न्हायतर पुढच्या बहाराला तितंबी फवारा."

मी हुरळले. ऊन लागलं, कीड चावली की झाड स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्यं तयार करतं, आणि त्यातलीच काही आपल्याला गुणकारी ठरतात. औषधाच्या आडोशातलं झाड ही खटपट कशाला करेल? हे मी वर्गात शिकवते. फळ किती पिकलं, किती उन्हात वाढलं यानंही फरक पडतो, हेही शिकवते. शहाणपण सगळं फळ्यावर! फोनवर मात्र मी एवढंच सांगितलं, "दोन्हीकडची दहा-दहा फळं पाठवा."

चार महिन्यांनी फळं पिकून आली. वहिनीची इतकी नितळ, की मला तिचं कौतुक वाटलं. तपासली, तर गुणाला तिचीच कमी भरली. पुन्हा तपासली, स्वतःवरच चिडले, आणि दादाला आकडे कळवून मोकळी झाले.

पुढच्या बहारात गेले तेव्हा वहिनीच्या झाडांवर पहिला फवारा मारून झाला होता. ओसरीवर जुन्या साडीच्या फडक्यांचा ढीग पडला होता. हे कशाचं, म्हणून विचारलं.

"तुमच्या फळांचं की, वन्सं," वहिनी म्हणाली. "बारकी असल्यापासनं दहा फळं बांदून ठिवली हुती. ऊन न्हाय, किडा न्हाय. नणंदेच्या घरी डागाचं फळ कसं पाटवायचं? डागाची आमी खाल्ली, उरली ती शेरडांना टाकली."

मला किंचाळावंसं वाटलं. ऊन सोसलेली, कीड झेललेली फळं मला तपासायची होती, आणि ती शेरडांनी खाल्ली. मी तपासली ती साडीत गुंडाळून लाडानं वाढवलेली. पण वहिनीला काय बोलू? लग्न होऊन गेल्यापासून त्या घरानं मला एकदाही डागाचं फळ पाठवलेलं नाही. हे मला माहीत होतं. तरी ही फळं कशी निवडली, हे मी विचारलं नाही.

मी दादाशी कडाकडा भांडले. तपासणीच चुकली, फवारा थांबव म्हटलं.

"आता मशीन खोटं व्हय?" तो म्हणाला. "तूच सांगितलं की कमी भरली."

मी पुन्हा तपासते म्हटलं. पण फवारलेल्या झाडांवर आता तपासायला उरलं काय होतं?

परवा वहिनीनं पेटी पाठवली. तिच्याच झाडांची फळं, एकावरही डाग नाही. या वेळी फडकी बांधावी लागली नव्हती.